एका घोटाचं भांडण

वैनी, आज सकाळी मी तुझ्या दाराची बेल वाजवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आपली दारं समोरासमोर, मधे जेमतेम चपला मावतील एवढी जागा, आणि दोन्ही दारं दिवसभर सताड उघडी. बेल पाहुण्यांसाठी आणि कुरिअरवाल्यांसाठी, आपल्यासाठी नव्हे, असं मी नवी असताना तूच मला बजावलं होतंस. आज भाऊजींनी दार लोटून घेतलं होतं. तुझ्याशिवाय त्यांना ते उघडं ठेवायचं सुचत नसावं. आतून ते म्हणाले, "उघडंच आहे, ढकल की." मी ढकललं आणि हातात चहाचा कप घेऊन तिथेच उंबऱ्यात उभी राहून रडले. भाऊजींनी कप माझ्या हातातून काढून घेतला आणि तो गार होण्याआधी पिऊन टाकला. तुझा नवरा व्यवहारी आहे, हे तू नेहमी म्हणायचीस.

तेरावं झालं. गोड जेवण झालं. गावची माणसं गावी गेली. तुझा जन्म कुठला, शिक्षण किती, मागे कोण कोण, हे सगळं रोहितने पेपरातल्या चौकटीसाठी लिहून दिलं. फोटोही असा निवडला की तू लेकाला शिव्याच घातल्या असत्यास. त्यातलं काही मला सांगायचं नाही. मला आपलं भांडण पुरं करायचंय. तू ते अर्धवट टाकून दुपारी जेवून आडवी झालीस आणि उठलीच नाहीस. झोपेत हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. सुखाचं मरण, सगळे म्हणाले. असेल. पण भांडणाच्या मधेच उठून जाणं तुला शोभत नाही.

भांडण कोणतं, हे तुला सांगायला नको. शहाळ्याच्या एका घोटाचं. पण त्याच्यापर्यंत जायचं तर मला आधी पार्ल्याला जावं लागेल.

मी पार्ल्याची, म्हणून लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तू माझं नाव 'बिस्किट' ठेवलंस. "च्यात बुडवला की मऊ पडता," असं सासूबाईंना सांगून मोकळी झालीस. मी खरंच मऊ पडले होते तेव्हा. संजयशी लग्न केलं म्हणून बाबा माझ्याशी बोलत नव्हते. त्यांच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं आणि मी मुलुंडच्या मालवणी घरात येऊन पडले होते, जिथे बाजाराच्या दिवशी जिन्यापासूनच बांगड्याचा वास सुरू व्हायचा. मी रडायची आणि तू बघायचीस. मग एक दिवस तू कुणालाही न सांगता पार्ल्याला गेलीस. हातात गावाहून आलेल्या गुळाच्या खाज्याची पिशवी.

पुढचं मला आईने सांगितलं. बाबांनी दार उघडलं, तू कोण ते कळल्यावर म्हणाले, आम्हाला काही नको. तू पायातल्या चपला काढल्यास, आत जाऊन खुर्चीवर बसलीस आणि म्हणालीस, "आणलेला परत नेणा आमच्यात नाय." बस्स. वाद नाही, विनवणी नाही. बाबा उभे, तू बसलेली, मधे खाज्याची पिशवी. शेवटी आईने चहा टाकला. बाबांनी खाज्याचा एक तुकडा मोडला, कडक निघाला, आणि ते म्हणाले, "दात पाडायला आलात का?" तू इतकी हसलीस की शेजारचे डोकावले. पुढच्या महिन्यात बाबा मुलुंडला आले.

यासाठी मी तुला कधी धन्यवाद दिले नाहीत. आपल्यात ते शब्द वापरायची पद्धतच नव्हती. मी रविवारी पोळ्या लाटून द्यायची, तू मला कोलंबी सोलायला शिकवायचीस, हिशोब चुकता.

तर 'आणलेलं परत पाठवायचं नाही' हा तुझा कायदा. कुणी काही घेऊन आलं की ते घ्यायचं, त्याच्यासमोर चाखायचं आणि भांडं रिकामं परत द्यायचं नाही. जिग्नाबेनच्या हांडव्याच्या डब्यातून आमच्या घावन्यांनी किती वेळा खालच्या मजल्यावर प्रवास केला असेल. तुझी जीभ तिखट, पण हात कुणालाही नाही म्हणायला शिकलेला नव्हता. त्याच कायद्याने तू माझं माहेर परत आणलंस. आणि तोच कायदा मला तुझ्या दारात मोडावा लागला.

शिंगाळ्याचा काटा लागला तुला. मासा साफ करताना अंगठ्याच्या बुडाशी टोचला, तू हळद दाबलीस आणि कालवण करून सगळ्यांना वाढलंस. दोन-तीन दिवसांत हात कोपरापर्यंत फुगला. "उतरात," म्हणत तू गुडघेदुखीच्या नेहमीच्या गोळ्या गिळत राहिलीस. ताप चढला, उलट्या सुरू झाल्या, तेव्हा कुठे रिक्षात बसलीस. इस्पितळात डॉक्टरांनी हात पाहिला आणि लगेच दाखल केलं. चिरा देऊन पू काढला. जंतू रक्तात पसरायला लागलेत, जोरदार अँटिबायोटिक द्यावं लागेल, म्हणाले. सलाइन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली.

आणि हात सुधारायला लागला. सूज उतरली, तू पलीकडच्या खाटेवरच्या बाईला हात हलवून दाखवलास. आम्ही सगळे हाताकडे बघत होतो. हाताशिवाय दुसरीकडे कुठे काही बिघडत असेल असं कुणाच्या मनातही नव्हतं. पण रक्ताची तपासणी ते लोक करत होतेच, आणि त्यात एक आकडा वर चढत होता. क्रिएटिनिन. हा शब्द तोवर आपल्या घरात कधी आला नव्हता. पुढे तो मिठासारखा रोजचा झाला.

किडनीच्या डॉक्टरीणबाई आल्या. तरुण, बारीक, केसांचा बुचडा. तू मला कानात म्हणालीस, "ह्या चेडवाक अजून कोणी जेवूक घालूक नाय वाटता." त्यांनी मात्र तुझ्या खाटेवर टेकून नीट समजावून सांगितलं. हातातले जंतू मारायला जी औषधं दिली, त्यातल्या एकाने किडनीला इजा झाली आहे. असं काही जणांना होतं, म्हणूनच रक्त तपासत राहतात. उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालेलं, त्यात गुडघ्याच्या गोळ्या, त्यामुळे तुम्हाला जरा जास्तच लागलं. ते औषध आता बंद करून दुसरं देऊ. बहुतेक वेळा किडनी परत कामाला लागते, पण तिला वेळ लागतो. तोवर तिच्यावर ओझं टाकायचं नाही.

मी भांडायला उठले. कसलं औषध देता तुम्ही, हात बरा करायला आलो आणि किडनी घालवून बसलो, असं बरंच काही. डॉक्टरीणबाई ऐकून घेत होत्या. तू माझा पदर ओढलास. "गप ऱ्हव. हात वाचलो मा?" आणि तो वाचलेला हात माझ्यापुढे धरलास. अंगठ्याशी पट्टी, बाकी चार बोटं जागच्या जागी. याच हाताने खाज्याची पिशवी पार्ल्याला नेली आणि माझं माहेर परत आणलं, हे मला त्या क्षणी सुचलं नाही. आत्ता सुचतंय.

पण औषध बंद करून गोष्ट संपली नाही, कारण आपली माणसं. वैनी, आपली माणसं! 'सुनंदाला किडनीचं झालं' ही बातमी मुलुंडपासून विक्रोळीपर्यंत पोचली आणि प्रत्येकाने एकच विचार केला. किडनी म्हणजे लघवी, लघवी म्हणजे पाणी, आणि आजाऱ्याचं पाणी म्हणजे शहाळं. तुझी लघवी तर कमी झाली होतीच. मग काय, जो आला तो शहाळं घेऊन आला. इस्पितळाच्या फाटकाशी बसणारा शहाळेवाला तर आपल्या माणसांना लांबूनच ओळखायला लागला. कोणी तोंड कापून स्ट्रॉ लावून आणलं, कोणी थर्मासमध्ये भरून. उरलेली खाटेखाली ढीग करून ठेवलेली. नर्स म्हणाली, "काय मावशी, खाली बाग लावलीत का?" तू हसलीस आणि तिलाही एक दिलंस. प्रत्येकासमोर थोडं चाखायचं हा तुझा कायदा. थोडं थोडं करत दिवसभरात किती जात होतं, ते तुलाही कळत नव्हतं आणि आम्हा कुणालाच नाही.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई धावत आल्या. खरोखर धावत. पोटॅशियम फार वाढलंय. तुझ्या छातीला वायरी लावल्या, कागदाची पट्टी निघाली, ती बघून त्यांचा चेहरा उतरला. "काय काय खाल्लं आज?" त्यांनी विचारलं आणि कुणी उत्तर द्यायच्या आत त्या वाकल्या. खाटेखाली पाहिलं. मग तशाच वाकलेल्या अवस्थेत म्हणाल्या, "हे कोण पितं?"

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. धड किडनी ते बाहेर टाकते. दुखावलेली टाकू शकत नाही, ते रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं, अगदी थांबवतंसुद्धा. हे आम्हाला त्या दिवशी कळलं. ज्या पाण्याने आपल्याकडे आजारी माणूस उठून बसतं, त्याच पाण्याने तू जाणार होतीस, तेही सगळ्यांच्या मायेने. तुला डायलिसिसला नेलं. भाऊजी बाकावर बसून एकच वाक्य म्हणत होते, "शहाळं तर चांगलं असतं ना गं?"

डायलिसिसच्या मशीनशी मात्र तू लगेच दोस्ती केलीस. दुसऱ्या खेपेला मला म्हणालीस, "बघ गो बिस्किटा, माझ्या रक्ताचा धुणा काढलेला हा. जल्म गेलो दुसऱ्यांची धुणी धुण्यात, आज कोणीतरी माझा धुता." मी हसले आणि मग बाहेर जाऊन ठरवलं, की आता तुझ्या खोलीच्या दारात मी बसणार.

आणि बसले. एक लोखंडी स्टूल घेऊन. येईल त्याच्या पिशवीत डोकावायचं. शहाळं, परत. केळी, परत. मोसंबी, परत. टोमॅटोचं सार, परत. "तिला बघा, बोला, हात धरा. तोंडात काही घालायचं नाही." लोकांना वाईट वाटलं. तुझ्या कायद्याच्या घरात ही पार्ल्याची सून आणलेलं परत पाठवते! जिन्यात कुणीतरी म्हणालं, "जावेला घोटभर पाणी देत नाही." हे मला ऐकू यावं अशाच बेताने म्हणालं. तू आतून बघायचीस आणि मान फिरवायचीस. तुझा कायदा मी तुझ्या डोळ्यांदेखत मोडत होते.

मग कमळमावशी आली. तुझ्या आईची धाकटी बहीण, विक्रोळीच्या चाळीतली, पाठीतून वाकलेली. दोन बस बदलून एकटी आली होती. पिशवीत एकच शहाळं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं. गावाहून कुणीतरी आलं होतं, त्याच्या हाती मागवलेलं. म्हणाली, "सुनंदाच्या आवशीन लावलेल्या झाडाचा आसा. पयलो घोट माझ्या हातान देतय." मी तिला समजावलं. तिला ऐकू कमी यायचं, मला मोठ्याने बोलावं लागलं, आणि मोठ्याने बोललेली गोष्ट दरडावल्यासारखीच वाटते. तिला वाटलं मी हाकलतेय. तिने शहाळं पुन्हा लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं, तुझ्या केसांवरून हात फिरवला आणि गेली. मी संजयला तिच्यामागे धाडलं, तो तिला रिक्षाने घरी सोडून आला. शहाळं तिने त्याच्या हातात दिलं नाही.

तू माझ्याशी बोलणं टाकलंस. मी कपडे बदलायची, तू भिंतीकडे बघायचीस. नर्सशी बोलायचीस, मशीनशी बोलायचीस, माझ्याशी नाही. ते दिवस मला फार जड गेले, वैनी. तुझं क्रिएटिनिन आणि तुझा अबोला, दोन्ही एकाच वेळी उतरायची मी वाट बघत होते, आणि दोन्ही जागचे हलत नव्हते.

आधी किडनी हलली. एके सकाळी लघवी भरपूर झाली. मोजायचं भांडं घेऊन नर्स ज्या थाटात आली ना, जणू कुणाला मुलगा झाला होता. पलीकडच्या खाटेवरच्या बाईनेही हात जोडले. दुसऱ्या दिवशी आणखी. आकडा उतरू लागला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता बहुधा मशीन लागणार नाही. आणि लागलं नाही. त्या दुपारी मी तुझी वेणी घालत होते, तेव्हा तू भिंतीकडे बघतच बोललीस. "गावच्या झाडाचा होता गो ता. एक घोट दिलो असतंस तर काय झाला असता?"

मी म्हणाले, "घोटावर थांबली असतीस तू?"

तू वेणी माझ्या हातातून ओढून घेतलीस. आणि मग हे भांडण आपण वर्षानुवर्षं भांडलो.

तू बरी झालीस. पूर्ण बरी, डॉक्टरीणबाईंच्या शब्दांत. त्यांनी एक चिठ्ठी दिली, पुढे कुठलंही अँटिबायोटिक घ्याल तर डॉक्टरांना आधी हे सांगा, गुडघ्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका, रक्त तपासत राहा. बाकी सगळं खायला मोकळीक. शहाळंसुद्धा प्यालात तरी चालेल, म्हणाल्या. पण तू प्यायली नाहीस. कुणी दिलं की माझ्याकडे बोट दाखवायचीस. "माका कशाक इचारतास? माझ्या जावेक इचारा." लग्नात, बारशात, सोसायटीच्या पूजेला, सगळीकडे हाच खेळ. लोक हसायचे, मी चिडायची. नको असलेला लाडू असो की कंटाळवाणी सत्यनारायणाची निमंत्रणं, नाही म्हणायला माझं नाव. मी म्हणायची, एकदा तरी स्वतःच्या तोंडाने नाही म्हण की. तू म्हणायचीस, तो आमचो कायदो नाय, तो पार्ल्याचो. आणि फिरून गाडी कमळमावशीवर. ती पुढच्या वर्षी गेली आणि मग तर तुझ्या हातात हुकमाचं पानच आलं. भांडण रंगात आलं की ते टाकायचीस. "म्हाताऱ्येच्या हातचो एक घोट."

माझ्याजवळ पान उरायचं नाही. मी पुष्कळदा विचार केला, खरंच एक घोट दिला असता तर? डॉक्टरीणबाईंना कधीतरी विचारलंही. त्या म्हणाल्या, एका घोटाने काही झालं नसतं, पण तुम्ही अडवलंत ते बरोबर होतं. म्हणजे उत्तर दोन्हीकडचं. तुला ते मी सांगितलं नाही. तू फक्त पहिलं अर्धं घेतलं असतंस.

मेलीस त्याच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा आपण तेच भांडत होतो. तू वांगी चिरत होतीस, मी लसूण सोलत होते. तू पान टाकलंस, मी म्हणाले, "वैनी, ती येऊन इतकी वर्षं झाली, आता तरी सोड." तू म्हणालीस, "उद्या सांगतय तुका." काय सांगणार होतीस? बारा दिवस मी हेच घोळवत होते. आलेल्यांना पाणी देताना, तुझ्या साड्यांच्या घड्या घालताना. मला भीती वाटत होती, वैनी. की तू मला मनातून कधी माफ केलंच नव्हतंस आणि वरवरच्या थट्टेखाली ते ठेवून गेलीस.

मग तेराव्याच्या आदल्या दिवशी दुपारी खालच्या जिग्नाबेन वर आल्या. त्या इतक्या दिवसांत माझ्याशी नीट बोलल्याच नव्हत्या, नुसतं रडून जात होत्या. त्या दिवशी बसल्या. म्हणाल्या, "तुमाला ते माहीतच नाय ना? तुमी बेंगलोरला होता."

मी मुलीच्या बाळंतपणाला गेले होते तेव्हा. तू फोनवर एवढंच म्हणाली होतीस, "रमणीकभाईंक जरा बरा नाय, मी जाऊन येतय." जाऊन येतय! जिग्नाबेनने सांगितलं ते असं. त्यांच्या मिस्टरांना लघवीत जंतू झाले, ताप चढला, दाखल केलं, सलाइनमधून औषध सुरू झालं. तू दुसऱ्या दिवशी गेलीस आणि डॉक्टरला विचारलंस, किडनीचं रक्त बघितलं का? हे गुडघ्यासाठी गोळ्या खातात, ते यांनी सांगितलं का? त्यांनी सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, रक्त आम्ही बघतोच आहोत मावशी, पण गोळ्यांचं कळलं ते बरं झालं. आकडा थोडा वर सरकला, त्यांनी वेळेवर औषध बदललं. आणि तो आकडा खाली येईपर्यंत तू, वैनी, तू रमणीकभाईंच्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसलीस.

"सगळ्यांचा नारियलपानी परत," जिग्नाबेन सांगत होत्या. "माझ्या सगळ्या भावांचा परत. माझी नणंद इतकी चिडली! सुनंदाभाभी बोलली, चिडो. बघा, बोला, हात धरा, तोंडात कायपण नाय घालायचं." वैनी, हे माझं वाक्य. शब्द न् शब्द माझं.

पण खरं पुढेच होतं. रमणीकभाईंना तहान लागायची आणि मोजूनच पाणी. एका दुपारी ते तुझ्यापुढे हात जोडून म्हणाले, बेन, एक घूंट, फक्त एक घूंट नारियलपानी. जिग्नाबेनलाही वाटलं, द्यावा. तू त्यांना काय म्हणालीस, ते जिग्नाबेनने तुझ्याच हिंदीत मला सांगितलं.

"एक घोट मांगनेवाला एक घोट पे थांबता नही, रमणीकभाई. मै बोल रही हूं. मै खुद नही थांबनेवाली थी."

मी हातातली साडीची घडी तशीच धरून बसले. जिग्नाबेनला वाटलं, मला हिंदी कळलं नाही. त्या पुन्हा सांगायला लागल्या. मी म्हटलं, कळलं, पुढे बोला. पुढे म्हणे तू जिग्नाबेनला बाहेर घेऊन गेलीस आणि म्हणालीस, "ये मेरा डायलॉग नही, मेरी जाऊ का है. वो बराबर थी. उस दिन वो दरवाजे में नही बैठती तो मै आज इधर नही बैठती." आणि मग, म्हणे, तू बोट नाचवून बजावलंस, "लेकिन उसको बताना नही. डोक्यावर बसेगी."

अगं! मी आधी हसले. असं हसले की आतून भाऊजी बाहेर आले, सुतकाच्या घरात हे काय म्हणून. मग मला हसू कुठे संपलं आणि रडू कुठे सुरू झालं ते सांगता येणार नाही. तू हरली होतीस. केव्हाच हरली होतीस, मान्यही केलं होतंस, आणि तरी रोज संध्याकाळी लसूण सोलताना माझ्याशी भांडत होतीस, कारण भांडण संपलं असतं तर आपण बसून बोललो काय असतो? 'उद्या सांगतय' म्हणजे हेच होतं का? की आणखी एक हुकमाचं पान होतं? मला ते कळणार नाही. पण आता मला भीती वाटत नाही, वैनी.

एक गंमत सांगते. काल मला बारीक ताप होता. रडून झाला असेल. जिग्नाबेन खिचडी घेऊन वर येणार होत्या, त्याआधी त्यांनी जिन्यातूनच ओरडून विचारलं, "भाभी, काय चालतं तुमाला?" वरच्या मजल्यावरची सूनही आली, तिनेही आधी तेच विचारलं, मग डबा उघडला. हे आपल्या जिन्यात कधीपासून सुरू झालं? मी विचारलं तर ती म्हणाली, सुनंदाकाकूंनी सगळ्यांना लावलंय. आजारी माणसाकडे जायचं तर आधी विचारायचं. आणायचं नंतर. म्हणजे तू तुझा कायदा मोडला नाहीसच. त्याला पुढे एक कलम जोडलंस.

रोहित तुझ्या अस्थी घेऊन गावी गेला होता, तो आज सकाळी परत आला. थकला होता, डोळे लाल. पिशवीतून त्याने एक शहाळं काढून माझ्या ओट्यावर ठेवलं. तुझ्या आईने लावलेलं झाड अजून धरतं. "काकू, तुला द्यायचं तर आईला विचारून देतो," असं म्हणाला आणि आम्ही दोघंही हसलो, पेपरातल्या तुझ्या फोटोकडे बघत. तोच फोटो, ज्यात तू वाईट दिसतेस.

मी कोयत्याने तोंड कापलं. तुझ्यासारखं जमलं नाही, थोडं पाणी ओट्यावर सांडलं. तुझ्या पितळी पेल्यात ओतलं, काठोकाठ. तोच मगाशी कोपराने बेल वाजवून तुझ्या घरात घेऊन आले. भाऊजींचा चहा एका हातात आणि तुझा पेला दुसऱ्या. चहा त्यांनी घेतला, पेला मी तुझ्या फोटोपुढे ठेवलाय. मावशीच्या हातचा नाही, माझ्या हातचा आहे, चालवून घे.

दारात आज कोणी बसलेलं नाही. पी, वैनी. आणि घोटावर थांबू नकोस.